पेटत्या प्लाझ्मातले अल्फा कण आत टिकतात का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, विज्ञान दिनाच्या निमित्ताने इथे सांगलीत अणुसंलयनावर एक व्याख्यान झालं. चित्रफिती झकास होत्या, पंधरा कोटी अंशांचा आकडा ऐकून पोरांनी टाळ्याही वाजवल्या. शेवटी अकरावीच्या एका मुलीने विचारलं, "हायड्रोजनपासून तयार झालेला हेलियम एवढ्या जोरात सुटतो, तर तो भट्टीच्या आतच राहील कशावरून?" वक्ते म्हणाले, "चुंबकीय क्षेत्र धरून ठेवतं," आणि पुढच्या हाताकडे वळले.

उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्यात जगभरचे लोक चाळीसेक वर्षं गुंतलेत, म्हणून हा धागा. मला येतं तेवढं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनांची केंद्रकं जुळली की १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, चुंबकाला तो जुमानत नाही, थेट भिंतीत घुसतो. पुढेमागे वीज होईल ती याच उष्णतेवर. उरलेले ३.५ हेलियमच्या केंद्रकाला, म्हणजे अल्फा कणाला मिळतात. प्लाझ्मा, म्हणजे केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, गरम ठेवायची जबाबदारी या पाचव्या हिश्श्यावर. फ्रान्समधल्या आयटर प्रकल्पाचं उद्दिष्ट ५०० मेगावॅट संलयन शक्तीचं आहे. त्यात अल्फांचे १०० मेगावॅट, आणि बाहेरून द्यायचे ५०. म्हणजे गरम करायच्या कामातले दोन तृतीयांश या कणांनीच करायचं आहे.

अल्फा जन्मतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण १३,००० किलोमीटर असतो. आजूबाजूच्या आयनांच्या दोनशे-तीनशे पट ऊर्जा त्याच्या अंगात असते. टकरा देत देत ती तो आधी मुख्यतः इलेक्ट्रॉनांना आणि मग आयनांना वाटतो. आयटरमध्ये या वाटपाला सेकंदाच्या आसपास वेळ लागेल. ही यंत्रं, म्हणजे टोकामॅक, कडीच्या आकाराची असतात. सुरुवातीच्या वेगाने हिशोब केला तर कडीभोवती सेकंदाला तीन लाखांवर फेऱ्या होतात. दर फेरीला केसभर जरी एकाच दिशेने सरकला तरी खेळ खलास.

तेव्हा प्रश्न असा: त्याला सरकवतं कोण?

हळदीपेठ

सर, आमी सौद्यात बसणारी माणसं. एवढंच सांगा, वीज कधी येनार? आमच्या व्हॉट्सॲपवर तर चीननं कृत्रिम सूर्य पेटवून वर्ष झालं. 😀

कोयनेचा पाणी

धागा वाचतोय. विद्युत खात्यात हयात गेली, त्यामुळे शक्तीचे आकडे दिसले की थांबतो. आयटरचे ५०० मेगावॅट ही उष्णता आहे ना? त्यातून वीज किती? आपल्या कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणून विचारतो.

विश्रामबागकर

काका, आयटरमधून वीज शून्य. तो प्रयोग आहे, त्याला जनित्र जोडायचंच नाही. हळदीपेठ भाऊ, तुमच्या प्रश्नाला कुणी तारीख सांगितली तर त्याच्याकडून उधारीवर काही घेऊ नका.

यवतेश्वर

सर, चांगला विषय काढलात. मी मूळ साताऱ्याचा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत काही वर्षं काढली, आता दुसऱ्या कामात आहे, पण या विषयाची खोड गेलेली नाही.

आधी चीनच्या सूर्याचं उरकतो. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या ईस्ट यंत्राने १,०६६ सेकंद प्लाझ्मा टिकवला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्टने १,३३७ सेकंद केले. दोन्ही मोठी कामं आहेत. पण दोन्हींत ट्रिटियम नव्हतं, म्हणून अल्फाही नव्हते म्हटलं तरी चालेल. बाहेरून उष्णता देऊन प्लाझ्मा टिकवणं आणि त्याने स्वतःच्या कणांवर तापून राहणं या वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरीला आजवर फार थोडी यंत्रं बसली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या टीएफटीआरने १९९४ मध्ये १०.७ मेगावॅट काढले. इंग्लंडमधल्या जेटने १९९७ मध्ये १६ मेगावॅट, २०२१ मध्ये ५९ मेगाज्यूल आणि बंद पडता पडता २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल. या सगळ्यांत मुख्य उष्णता बाहेरचीच होती.

आता मूळ प्रश्न. प्लाझ्मा शांत असेल आणि यंत्र कडीभोवती अगदी एकसारखं असेल तर अल्फा पळत नाही. आयटरच्या ५.३ टेस्ला क्षेत्रात जन्मलेल्या अल्फाच्या घिरट्यांची त्रिज्या पाचेक सेंटिमीटर, आणि प्लाझ्माच्या काटछेदाची त्रिज्या २ मीटर. जागा भरपूर आहे. शिवाय कडीभोवतीच्या समरूपतेमुळे त्याचा एक संवेग अक्षय्य राहतो, आणि तोच त्याला आपल्या कक्षेला बांधून ठेवतो. ही समरूपता मोडली की तो मोकळा.

मोडणाऱ्या दोन गोष्टी. एक यंत्राचीच: चुंबकं सलग नसतात, आयटरला अशी १८ वेटोळी आहेत. दोन वेटोळ्यांच्या मध्ये क्षेत्र किंचित पडतं, त्या खळग्यात काही कण अडकतात आणि हळूहळू बाहेर सरकतात. यावर उपाय म्हणून पात्राच्या दुहेरी भिंतीत लोहचुंबकीय पोलादाचे तुकडे बसवले जातात. हा हिशोब बऱ्यापैकी सुटलेला आहे.

दुसरी गोष्ट प्लाझ्मातल्या लाटा. या धाग्याचं खरं पात्र तेच, आणि त्यातली मेख अशी की या लाटा बऱ्याचदा अल्फांनीच उठवलेल्या असतात.

मंगळाई (एमएस्सी, सातारा)

दादा, आल्फ्वेन लाटा म्हणताय का? आमच्या प्लाझ्माच्या पेपरात एवढंच होतं की चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या वागतात आणि त्यांच्यावरून लाट जाते. पण अल्फा त्यांना उठवतो म्हणजे नक्की काय करतो?

यवतेश्वर

त्याच. हान्नेस आल्फ्वेन यांनी १९४२ मध्ये भाकीत केलं, १९७० मध्ये नोबेल मिळालं. या लाटेचा वेग क्षेत्र आणि घनता यांवर ठरतो. तुझ्या वहीतलं सूत्र काढ आणि आयटरचे आकडे घाल: ५.३ टेस्ला, घनमीटरला १०च्या २०व्या घाताइतके आयन, निम्मं ड्यूटेरियम, निम्मं ट्रिटियम. उत्तर सेकंदाला ७,००० किलोमीटरच्या थोडं वर येईल. सरांनी अल्फाचा वेग १३,००० दिलाय. म्हणजे अल्फा लाटेपेक्षा जोरात जन्मतो, आणि मंदावताना तिच्या वेगातून त्याला जावंच लागतं. जाताना गाठ पडते. कणाच्या फेऱ्यांची लय आणि लाटेची लय जुळली की ऊर्जेची देवाणघेवाण सुरू होते. शिवाय लाटेच्या एक तृतीयांश वेगालाही ही गाठ पडू शकते, म्हणजे एकदा सुटला म्हणून सुटला असं नाही.

सतारमेकर गल्ली

मी मिरजेचा. घरात पिढीजात सतारी आणि तंबोरे होतात, भौतिकशास्त्र दहावीला सोडलं. पण हे लय जुळायचं आम्ही रोज बघतो. सतारीला तरफेच्या तारा असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचं असलं की वडील तरफेच्या एका तारेवर कागदाचा बारका कपटा अडकवतात आणि वरची बाजाची तार पडद्यावर दाबून छेडतात. स्वर एक श्रुती इकडेतिकडे असेल तर कपटा ढिम्म. बरोबर लागला की टुणकन उडतो. तुमच्या भट्टीत असंच काही होतं का?

यवतेश्वर

वा! मालक, हे उदाहरण पुढच्या व्याख्यानाला उसनं घेणार. अनुनाद हाच. फरक पुढे आहे. तरफेने स्वर घेतला म्हणून वरची तार सतारीवरून उठून दुसरीकडे जाऊन बसत नाही. इथे नेमकं तेच होतं. लाटेला ऊर्जा दिली की कण आपली जागाही बदलतो.

मंगळाई, हे तुझ्यासाठी. ठरावीक वारंवारतेची आणि कडीभोवती ठरावीक शिखरांची लाट असेल तर कणाने गमावलेली ऊर्जा आणि त्याच्या त्या अक्षय्य संवेगातला बदल एकमेकांना बांधलेले असतात. शिखरांच्या संख्येला वारंवारतेने भागायचं आणि ऊर्जेतल्या बदलाने गुणायचं, की संवेगातला बदल मिळतो. संवेग बदलला म्हणजे त्रिज्येत सरकला. वारंवारता कमी आणि शिखरं जास्त असतील तर ऊर्जा चिमूटभर जाते आणि जागा हातभर बदलते. अल्फा थंड न होताच बाहेरच्या बाजूला पोचतो. उष्णता द्यायची होती गाभ्याला, आणि ती घेऊन हा गडी निघाला काठाकडे.

आणि लाटेला हे सगळं आवडतं, कारण अल्फा गाभ्यात दाट आणि काठाला विरळ असतात. या उतारातच लाट वाढवायची ऊर्जा साठलेली असते. उतार जितका तीव्र तितकी लाट जोमात. लाट मग कणांना बाहेर ढकलून तोच उतार सपाट करते.

कोयनेचा पाणी

हे समजलं. पण कुठल्याही व्यवस्थेत तोटेही असतात. लाट उठली तरी विरायला हवी. ती टिकते कशी?

यवतेश्वर

काका, मर्मावर बोट ठेवलंत. १९७० च्या दशकापर्यंत बऱ्याच जणांचा हाच दिलासा होता. प्लाझ्मात आतून बाहेर घनता बदलते, चुंबकीय रेषांचा पीळ बदलतो, त्यामुळे प्रत्येक थरात आल्फ्वेन लाटेची वारंवारता वेगळी. शेजारचे थर एकमेकांशी जुळत नाहीत, लाट फाटून विरते.

पण टोकामॅक सरळ नळी नाही, कडी आहे. आतल्या अंगाला चुंबकीय क्षेत्र जास्त, बाहेरच्या अंगाला कमी. रेषेवरून धावणाऱ्या लाटेला हा चढउतार पुन्हा पुन्हा लागतो, आणि त्यामुळे वारंवारतांच्या सलग पट्ट्यात एक फट पडते. स्फटिकात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमध्ये फट पडते त्याच गणिताने. या फटीत बसलेल्या लाटेला विरायला जागाच मिळत नाही. चेंग, चेन आणि चान्स यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं. या लाटांना टीएई म्हणतात. त्यांची वारंवारता यंत्राप्रमाणे काही दहा ते काहीशे किलोहर्ट्‌झ असते.

विरवणारी इतर कारणं आहेतच. मूळ प्लाझ्मातले आयन आणि इलेक्ट्रॉन लाटेची ऊर्जा खातात. म्हणून शेवटी सामना अल्फांचा रेटा विरुद्ध बाकीच्यांचा ओढा असा होतो. जिंकणारा थोड्याच फरकाने जिंकतो, त्यामुळे भाकीत करणारे वैतागतात.

हळदीपेठ

लय भारी चाललंय, निम्मं डोक्यावरनं गेलं पण वाचतोय. असं खरंच झालेलं कुटं बगितलंय का नुसती गणितं?

विश्रामबागकर

याचं मी सांगतो, यवतेश्वरांनी जरा चहा घ्यावा.

पहिला दणका १९८३ मध्ये प्रिन्स्टनच्याच पीडीएक्स नावाच्या यंत्रात बसला. तिथे उदासीन अणूंचा झोत, म्हणजे न्यूट्रल बीम, जवळपास आडवा आत मारत होते. भिंतीजवळच्या चुंबकीय वेटोळ्यांत मधूनमधून झटके येऊ लागले. पडद्यावर त्यांचा आकार माशाच्या काट्यासारखा दिसला, म्हणून नाव पडलं फिशबोन. प्रत्येक झटक्याला न्यूट्रॉन कमी व्हायचे, म्हणजे जलद आयन उडून जात होते. बीमच्या शक्तीतला २० ते ४० टक्के भाग असा वाया जात असावा असा अंदाज निघाला. नुसत्या गरम प्लाझ्मात ही अस्थिरता नव्हती, जलद कण घातल्यावर ती आली. पुढच्या वर्षी चेन, व्हाइट आणि रोझेनब्लूथ यांनी तिचा सिद्धांत मांडला.

टीएई १९९१ मध्ये दोन ठिकाणी दिसले: टीएफटीआर आणि सॅन दिएगोचं डीथ्री-डी. युक्ती बघा. तेव्हा त्यांच्याकडे अल्फा नव्हते आणि बीमचे आयन आल्फ्वेन वेगापेक्षा मंद होते. कण जोरात करता येईना, म्हणून त्यांनी लाट हळू केली: चुंबकीय क्षेत्र उतरवलं. वेग जुळले आणि लाट उठली.

यवतेश्वर

चहा झाला. सरांनी जे लिहिलं त्यात एक जोड. टीएफटीआरमध्ये अशा लाटांनी काही जलद आयन ढकलून सरळ त्या वेटोळ्यांमधल्या खळग्यांत नेऊन सोडले. खळग्यात अडकलेले कण मग एकाच जागी भिंतीला जाऊन लागले आणि निर्वात पात्राला इजा झाली. रॉस्को व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याचं विश्लेषण छापलं. मी वर दोन कारणं वेगवेगळी सांगितली, पण एकत्र आली की ती बेरीज राहत नाहीत. खळग्यांचा हिशोब एकट्याचा सुटतो, लाटांबरोबरचा पुन्हा मांडावा लागतो.

खरे अल्फा लाट उठवतात हे पाहायला १९९७ उजाडलं. टीएफटीआरमध्येच. अडचण अशी होती की बीमचे आयनही लाट विरवतात, त्यामुळे बीम चालू असताना अल्फांचा आवाज दबून जायचा. मग त्यांनी बीम बंद केला. बीमचे आयन लवकर मंदावतात, अल्फा त्यामानाने उशिरा. मधल्या त्या सेकंदाच्या काही अंशांत अल्फा एकटे मैदानात उरले आणि लाट दिसली. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग तो. काही जास्त न घालता, फक्त एक बटण बंद करून उत्तर काढलं.

कोयनेचा पाणी

मग आयटरला धोका किती? १०० मेगावॅटपैकी ५ टक्के जरी भिंतीला लागले तरी ५ मेगावॅट झाले. ते सगळीकडे सारखे पसरले तर ठीक, पण तुम्ही सांगता तसे एका जागी लागले तर कुठलाही धातू तोंड देणार नाही.

यवतेश्वर

काका, बरोबर हीच काळजी. म्हणून एकूण किती गेले यापेक्षा कुठे लागले हे आधी विचारतात. आयटरची आतली भिंत आता बेरिलियमऐवजी टंगस्टनची करायचं ठरलंय. टंगस्टन उष्णता सोसतं, पण भिंतीवरून थोडं जरी प्लाझ्मात आलं तरी प्रारणाने गाभा थंड करतं. म्हणजे भिंत वितळली नाही तरी नुकसान आहेच.

मात्र प्लाझ्मातल्या नेहमीच्या १५ मेगाॲम्पिअरच्या विद्युतप्रवाहावर आयटर चालवला तर अल्फा मोठ्या प्रमाणात बाहेर पडतील असं बहुतेक गणितं सांगत नाहीत. प्रवाह जास्त असला की कक्षा अरुंद राहतात. गणितं सांगतात ते असं की अल्फा आतल्या आत सरकतील: गाभ्यातून मधल्या पट्ट्यात. आणि माझं स्पष्ट मत, चर्चा नेहमी भिंतीची होते पण अणुभट्टीच्या दृष्टीने हे सरकणं जास्त महागात पडू शकतं. भिंतीला छिद्र पडलं तर दिसतं, दुरुस्त होतं. गाभ्याची उष्णता दोन हात बाहेर मिळाली तर यंत्र धडधाकट दिसतं, सगळे मोजमापी आकडे सभ्य असतात, फक्त ठरलेली शक्ती निघत नाही. शिवाय उष्णता कुठे मिळते यावर दाब आणि प्रवाहाची ठेवण बदलते, आणि त्यावर पुढची कोणती लाट उठेल ते ठरतं.

कमी प्रवाहावर, जास्त वेळ चालवायच्या पद्धतीत धोका वाढतो. आणि वीजनिर्मितीला तीच पद्धत हवी आहे, हा त्यातला खवचटपणा.

मंगळाई

दादा, मग छोट्या यंत्रांवर मोजून मोठ्याचं सांगता येत नाही का? प्रमाण काढायचं.

यवतेश्वर

इथेच फसगत आहे. छोट्या यंत्रात कणाची कक्षा यंत्राच्या मानाने मोठी असते. दोन-चार ठळक लाटा उठतात, एखादी कणाला एका झटक्यात भिंतीपर्यंत नेते. आयटरमध्ये कक्षा मानाने लहान, त्यामुळे बारीक, जास्त शिखरांच्या लाटा एकाच वेळी पुष्कळ उठतील. कडीभोवती दहा ते तीस शिखरांच्या लाटांची चर्चा असते. एकटी लाट कणाला थोड्या पट्ट्यात पुढेमागे करते आणि तिथेच ठेवते. शेजारच्या लाटेचा पट्टा त्याला भिडला की कण एकातून दुसऱ्यात जातो, आणि वाट गाभ्यापासून काठापर्यंत मोकळी होते. चिरिकोव यांचा पट्टे भिडण्याचा निकष वाच, पुढे खूप कामाला येईल.

यातून एक उंबरठा तयार होतो. डीथ्री-डीवर २०१६ च्या सुमारास हे छान मोजलं गेलं. बीमची शक्ती वाढवत नेली तर एका मर्यादेपर्यंत जलद आयनांची वाहतूक फारशी वाढत नाही. मर्यादा ओलांडली की एकदम वाढते, आणि पुढे कितीही शक्ती ओता, आयनांचा उतार जवळपास तोच राहतो. ओतलेलं आत टिकत नाही.

संगणकाचं दुखणं वेगळं. लाटेची हालचाल मायक्रोसेकंदांची, अल्फा मंदावतो सेकंदात, प्लाझ्माची ठेवण बदलते त्याहून सावकाश. सगळं एकत्र चालवायला महासंगणकही अपुरे पडतात. म्हणून ऑर्बिट, ॲस्कॉट यांसारख्या प्रणाली दिलेल्या लाटांत कोट्यवधी कणांच्या वाटा काढतात, आणि लाटांची वाढ दुसरीकडे मोजून इथे आणतात. दोन्ही बाजू एकमेकांना बदलतात हा भाग अजून कच्चा आहे. तुला विषय हवा असेल तर इथे जागा आहे. जेस्ट ही प्रवेशपरीक्षा देऊन गांधीनगरला पीएचडीला जाता येतं, त्याआधी तिथल्या उन्हाळी शाळेला अर्ज कर.

सतारमेकर गल्ली

एक बारकं कुतूहल. तुम्हाला ती लाट कळते कशी? ऐकू तर येत नसणार.

यवतेश्वर

पात्राच्या आतल्या बाजूला लहान वेटोळी असतात, मिर्नोव कॉइल म्हणतात. चुंबकीय क्षेत्र थरथरलं की त्यांत व्होल्टेज येतं. ते संगणकात घालून आडवा वेळ आणि उभी वारंवारता असा पट काढतात. शांत टीएई म्हणजे त्या पटावर जवळजवळ आडव्या बारीक रेघा, कधी एकीवर एक चार-पाच. बीम जोरात असला की रेघ मोडते आणि तुकड्या-तुकड्यांनी खाली घसरते, प्रत्येक तुकडा मिलिसेकंदभराचा. म्हणजे तुमच्या भाषेत मींड, पण फार द्रुत. कणांचा एक जथा लाटेत अडकून ऊर्जा गमावत निघालाय आणि लाट त्याच्या मागे आपला सूर उतरवत चाललीय, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवण विसरलो होतो.

हळदीपेठ

म्हंजे ह्यो कण बाहेर बी पळतो, भिंत बी जाळतो. मग ह्याचा काय उपेग हाय का नाय?

विश्रामबागकर

भाऊ, आहे. जलद कण नेहमी खलनायक नसतात. प्लाझ्माच्या गाभ्यात करवतीच्या दातांसारखी एक अस्थिरता असते, तापमान चढतं आणि धाडकन पडतं. १९७४ मध्ये प्रिन्स्टनला ती पहिल्यांदा नोंदली गेली. जलद कण असले की हे पडणं लांबतं. अर्थात लांबून लांबून शेवटी पडतं तेव्हा जोरात पडतं आणि दुसऱ्या अस्थिरतांना तोंड फोडतं, त्यामुळे हा उपकार उसना आहे.

त्याहून चांगली बातमी कोरियाच्या केस्टार यंत्राची. २०२२ मध्ये त्यांनी छापलं की जलद आयन भरपूर असताना गाभ्यातली बारीक खळबळ दबते, आणि दहा कोटी अंशांवर प्लाझ्मा २० सेकंद टिकला. त्याच वर्षी जेटवरच्या मोजमापांतूनही मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आयनांमुळे खळबळ कमी झाल्याचं पुढे आलं. आयन मोठ्या लाटा उठवतात आणि त्या लाटांमुळे छोटी खळबळ मोडते, असाही एक मार्ग तिथे दिसतो. म्हणजे लाट पूर्ण मारून टाकणं हे ध्येयच असू शकत नाही.

कोयनेचा पाणी

यात आपल्या देशाचा हात कुठे? की नुसते प्रेक्षक?

यवतेश्वर

आयटरच्या बांधणीत आपला सुमारे ९ टक्के वाटा आहे, २००५ पासून सामील. सगळ्याला बाहेरून झाकणारं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट गुजरातेत हजिऱ्याला एल अँड टीने बनवलं, फोटो सगळीकडे फिरले. पण या धाग्याला जवळची वस्तू वेगळी: निदानासाठीचा न्यूट्रल बीम. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा हायड्रोजनचा झोत, तोही आपल्याकडून जातो. तो प्लाझ्मात घुसला की तिथल्या हेलियमच्या केंद्रकांना इलेक्ट्रॉन देतो, ती चमकतात, आणि त्या प्रकाशावरून ऊर्जा देऊन थकलेला हेलियम आत किती साठलाय ते मोजता येतं. अल्फा आत हवेत, पण थंड झाल्यावर नको आहेत. राहिले तर इंधनाची जागा अडवतात.

आणि अल्फांची वाट न बघताच आयटरला या लाटांची चव कळेल. त्याचा तापवायचा मुख्य बीम १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. ड्यूटेरियमला तेवढी ऊर्जा दिली की वेग सेकंदाला ९,८०० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे वरच्या आल्फ्वेन वेगाहून जास्त. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात प्रयोग २०३४ ला सुरू आणि ट्रिटियम २०३९ ला. तोवर बीमवर अभ्यास करायचा.

मंगळाई

मघापासून एक डोक्यात घोळतंय. अल्फाने ऊर्जा दिली की जागा बदलते, हे बांधलेलं गणित आहे असं तुम्ही म्हणालात. थंड हेलियम बाहेर काढायचाच आहे. मग उलटं करता येणार नाही का? अशी लाट आपणच बाहेरून सोडायची की अल्फा आपली जवळजवळ सगळी ऊर्जा तिला देईल आणि देता देता काठाला पोचेल.

यवतेश्वर

शाब्बास! ही कल्पना १९९२ मध्ये नॅथॅनिएल फिश आणि जाँ-मार्सेल रॅक्स यांनी मांडली, अल्फा चॅनलिंग नावाने. त्यासाठी गुणोत्तर उलटं हवं. टीएईमध्ये थोड्या ऊर्जेत कण खूप सरकतो, इथे सगळी ऊर्जा संपेपर्यंत तो नेमका काठावर यायला हवा. एकट्या लाटेने हे जमत नाही असं पुढच्या गणितांत दिसलं, म्हणून जास्त वारंवारतेची एक आणि कमी वारंवारतेची एक अशी जोडी सुचवली गेली. लाटेने घेतलेली ऊर्जा मग इलेक्ट्रॉनांना न देता थेट इंधनाच्या आयनांना द्यायची. जमलं तर त्याच दाबात जास्त संलयन शक्ती मिळेल आणि थंड हेलियमचा प्रश्नही त्यातच सुटेल. टीएफटीआरवर बीमच्या आयनांबरोबर लाटेची अशी देवाणघेवाण काही अंशी दिसली. पूर्ण साखळी अजून कुठल्याही यंत्रात जुळवून दाखवलेली नाही.

फिशचा मूळ लेख चारच पानांचा आहे, त्या अकरावीच्या मुलीला आत्ता जड जाईल पण तुला जाणार नाही. वाचून झाला की इथेच शंका टाक.

विश्रामबागकर

त्या मुलीला हा धागा दाखवला आहे. तिची पुढची शंका: दोन लाटा सोडायच्या तर त्या एकमेकींत मिसळून तिसरी लाट उठवणार नाहीत का? यवतेश्वर, उत्तर तुम्हीच द्या, माझी शाळा सकाळची आहे.

हळदीपेठ

वाचनखूण साठवली. उद्या सौदा उरकला की परत पयल्यापासनं वाचतो.